मार आणि आडोसा

जून लागला की मुंबईत हिंदमाताच्या कापडबाजारात एक आकडा तोंडोतोंडी फिरू लागतो. आज भरती किती मीटरची? महापालिका पावसाळ्याआधी उधाणाच्या दिवसांची यादी काढते, वर्तमानपत्रं ती चौकटीत छापतात, आणि साडेचार मीटरच्या वरचा दिवस असला की दुकानातला खालच्या फळीवरचा माल वर चढतो. धो धो पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटारांच्या तोंडाशी समुद्र उभा राहतो आणि शहराचं पाणी शहरातच अडकतं. २६ जुलै २००५च्या प्रलयानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या १८६ मुखांचा हिशेब मांडला होता. ४५ मुखं सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली. उरली सहा. आता प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्या आहेत, तरी आकडा विचारायची सवय काही गेलेली नाही.

त्याच आकड्यावर जगणारी आणखी एक वस्ती इथून तासाभराच्या चालीवर आहे. वरळीच्या, हाजी अलीच्या, ब्रीच कँडीच्या काळ्या कातळावर नखाएवढे शंख राहतात, शंकूच्या आकाराचे लिंपेट राहतात, एकदा चिकटली की जन्मभर न हलणारी कालवं राहतात. प्राणिशास्त्रात या सगळ्यांचं आडनाव एक, मृदुकाय. पाणी किती चढणार हे त्यांच्याही दृष्टीने महत्त्वाचं आहेच. पण त्यांच्यातलं कोण कुठे राहणार, किती मोठं होणार, कवच कसं घडवणार हे ठरतं ते पाणी कसं येणार यावर. चढत येणार की आपटत येणार?

हिंदमाताहून पूर्वेला चालत गेलं तर एक उत्तर मिळतं, पश्चिमेला गेलं तर दुसरं. पूर्वेला शिवडी. बंदराचं हे पाणी कुलाब्याच्या भूशिराआड पडलेलं. भरती इथेही चांगलीच चढते, पण लाट नाही. लाट नाही म्हणून गाळ बसतो, गाळ बसतो म्हणून खारफुटी उगवते, आणि चिखलावर लांबट, निमुळत्या शंखांचं राज्य असतं: टेलिस्कोपियम, सेरिथिडिया. फ्लेमिंगोंवर दुर्बिणी रोखून उभे असलेले लोक त्यांच्याकडे क्वचितच बघतात. दगड, जेट्टीचा खांब किंवा खारफुटीचं खोड, जे काही टणक मिळेल त्यावर कालवांचा थर. पश्चिमेला वरळी. हा दख्खनच्या लाव्ह्याचा खडक, आणि त्याचं तोंड थेट अरबी समुद्राकडे. इथे गाळ ठरत नाही. ज्याला ठरायचं असेल त्याने स्वतःला धरून ठेवायचं.

या दोन किनाऱ्यांमधली जमीन कायम कोरडी होती असं नाही. मलबार टेकडी आणि वरळी यांच्यामध्ये एक खिंडार होतं. इंग्रज त्याला ग्रेट ब्रीच म्हणत. भरतीला त्यातून समुद्र आत शिरे आणि भायखळा-परळकडचा सखल भाग खाऱ्या पाण्याखाली जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या नावाने ओळखला जाणारा बांध उभा राहिला. त्याच्या पूर्ततेचं साल साधारणपणे १७८४ सांगतात. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढली तेव्हा कुठे बांध टिकला आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं, ही आख्यायिका मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. देवीचं श्रेय देवीला. बांधाने जे केलं ते एवढंच की आतल्या पाण्याचा लाटेशी असलेला संबंध तोडला. खाडी होती तिचं खाजण झालं, खाजणावर भराव पडला, भरावावर गिरण्या आणि चाळी आल्या. या पट्ट्यात पाया खणताना काळी समुद्री चिकणमाती लागते आणि तिच्यात शिंपल्यांचे तुकडे सापडतात.

आता लाटेच्या माराकडे वळू. समुद्राचं पाणी हवेच्या आठशेपट जड. सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, हा वेग मोकळ्या रस्त्यावरच्या बेस्टच्या बसचा. त्यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही. पण पाणी त्या वेगाने आलं तर दर चौरस मीटरवर सुमारे पाच टनांचा दाब पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हॉपकिन्स मरीन स्टेशनमध्ये मार्क डेनी या शास्त्रज्ञाने आपली कारकीर्द याच मोजमापात घातली. उघड्या खडकांवर फुटणाऱ्या लाटेत पाण्याचा वेग सेकंदाला वीस मीटरच्याही पुढे जातो असं या मोजण्यांतून दिसलं. वाऱ्याच्या मानाने बघितलं तर हा वेग वादळाच्या आसपासचा. पण वादळात हवा असते, इथे पाणी आहे.

यात शंख टिकतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. लाटेसमोर येणारी बाजू तीन चौरस सेंटिमीटरची असेल तर दहा मीटरच्या वेगाला तिच्यावर किलो-दीड किलोचा रेटा बसतो. काही ग्रॅम वजनाच्या जिवाला हे थोडं नाही, पण लिंपेटच्या रुंद पायाची आणि त्याच्या चिकट स्रावाची पकड याहून कितीतरी जास्त असते. सुरीने लिंपेट उपटून बघायचा प्रयत्न केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पहिल्या स्पर्शाला सावध झालेला लिंपेट असा बसतो की कवच फुटेल पण तो सुटणार नाही.

मुंबईच्या खडकांवर सर्रास दिसणारा लिंपेट म्हणजे सेलाना रेडिएटा. याच जातीवर विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठाच्या एम. बी. राव आणि पी. एन. गणपती यांनी काम केलं आणि राहण्याच्या जागेनुसार तिच्या कवचाची ठेवण कशी बदलते हे १९७१ साली मांडलं. लिंपेटपुढची अडचण मजेशीर आहे. खडकाच्या वरच्या अंगाला राहायचं तर शत्रू ऊन. तिथे उंच शंकू सोयीचा, कारण त्यात पाणी जास्त साठतं आणि तळाचा घेर लहान राहतो. खाली, लाटेच्या तोंडी राहायचं तर बुटकं, पसरट कवच बरं. एकाच जातीचे दोन लिंपेट हातभर अंतरावर वेगळ्या बांध्याचे दिसतात ते यामुळे. नेरिटा नावाचे गोल शंख तिसराच मार्ग काढतात. ते दाराला झाकण लावतात, आत थोडं पाणी राखतात आणि फटीत गर्दी करून बसतात. मे महिन्यात दुपारी बेसॉल्टला हात लावून पाहावा, म्हणजे या गर्दीचं कारण विचारावं लागत नाही.

इथवर वाचून असं वाटेल की लाट हा त्रास आणि आडोसा हे सुख. किनाऱ्याची गंमत अशी की हे खरं नाही. लाट अन्न आणते. कालवं, शिनाणी, बार्नॅकल हे पाणी गाळून जगणारे. पाणी जितकं हलतं तितकं ताट भरलेलं. लाट गाळ धुऊन नेते, नाहीतर कल्ले चोंदतात आणि खडकावरच्या शेवाळाच्या पापुद्र्यावर मातीचा थर बसून चरणाऱ्या शंखांचं कुरण जातं. लाटेचा शिंतोडा वर उडतो, त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर लिटोरिनासारखे बारके शंख भरतीच्या रेषेच्याही बऱ्याच वर वस्ती करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाट खेकड्याला अडवते.

आयर्लंडच्या लॉख हाइन या खाऱ्या सरोवरात आणि बाहेरच्या समुद्रकाठी १९६०च्या दशकात किचिंग या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. न्युसेला नावाचा शिकारी शंख तिथे दोन रूपांत आढळतो. लाटेच्या किनाऱ्यावर बुटका, पातळ कवचाचा, रुंद तोंडाचा. रुंद तोंडातून मोठा पाय बाहेर येतो आणि पकड घट्ट होते. शांत पाण्यात तोच शंख लांबट, जाड कवचाचा, अरुंद तोंडाचा, कारण तिथे खेकडे मोकळे फिरतात आणि पातळ कवच सोलून खातात. म्हणजे प्रत्येक शंखाने आपल्या शत्रूच्या मापाचं घर बांधलेलं. अमेरिकेत रॉन एटरने १९८८ साली यात एक बारकावा टिपला. शांत किनाऱ्यावरचे शंख उघड्या किनाऱ्यावर नेऊन वाढवले तर त्यांचा पाय मोठा झाला. उलट दिशेने नेलेल्यांचा मात्र लहान झाला नाही. मार खाऊन कमावलेली पकड शंख सहजासहजी सोडत नाही, असं दिसतं.

याहून मोठी गोष्ट स्वीडनची आहे. तिथल्या कोस्टर बेटांच्या भोवती समुद्रात छोटे छोटे कातळ वर आलेले आहेत. १९८८ साली विषारी शेवाळाच्या उद्रेकात त्यांच्यावरचे लिटोरिना सॅक्सॅटिलिस जातीचे शंख मेले. हे शंख लाटेचे होते, म्हणजे लहान आणि पातळ कवचाचे. १९९२मध्ये केर्स्टिन योहानेसन या संशोधिकेने जवळच्या, खेकड्यांच्या किनाऱ्यावरचे मोठे, जाड कवचाचे सातशे शंख आणून त्यातल्या एका ओसाड कातळावर सोडले. मग वाट पाहिली. सुमारे तीस पिढ्यांनंतर त्या कातळावर पुन्हा लाटेचेच शंख होते, आलेल्यांच्या वंशातून घडलेले. २०२४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उत्क्रांती बघायला लाखो वर्षं लागतात असं शाळेत शिकलेल्या आपल्या पिढीने हे जरा सावकाश वाचावं. माराची जागा पालटली की राहणारा पालटतो, आणि तेही एका संशोधिकेच्या नोकरीच्या काळात.

पण हे सगळं युरोपचं शास्त्र मुंबईला जसंच्या तसं लागू होत नाही. बिल बॅलन्टाइनने १९६१ साली वेल्सच्या पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यासाठी आठ पायऱ्यांची एक मोजपट्टी केली होती. अति उघडा ते अति आडोशाचा. आणि किनारा कोणत्या पायरीचा हे ओळखायचं ते तिथे राहणाऱ्या जिवांवरून. मोजपट्टी सोयीची निघाली, जगभर वापरली गेली. तिच्यावर टीकाही झाली, आणि ती रास्तच. लाटेमुळे कोणते जीव राहतात हे शोधायचं आणि लाट किती हे त्याच जिवांवरून ठरवायचं, म्हणजे आपणच आपल्याला साक्षीदार. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. ही पट्टी गृहीत धरते की उघडेपणा हा जागेचा गुण आहे. मुंबईत तो ऋतूचा गुण आहे.

नोव्हेंबर ते मे वरळीचा समुद्र अनेक दिवस तळ्यासारखा पडून असतो. या सात महिन्यांत बॅलन्टाइन इथे आला असता तर त्याने या किनाऱ्याला आडोशाच्या बाजूला बसवलं असतं. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, खोल समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा उठतात आणि तोच किनारा अति उघडा होतो. किनाऱ्याकडेला साठलेली वाळू लाटा ओढून नेतात आणि तिच्याखाली गाडलेले दगड उघडे पडतात; पावसाळ्यानंतर वाळू परतते आणि त्यांच्यावर बसलेल्यांना पुरून टाकते. वरून गोड्या पाण्याचा मारा, खालून खाऱ्याचा. कालवं झाकणं मिटून बसतात. कोळ्यांचं पंचांग हे सगळं आधीच जाणून आहे: होड्या वर ओढायच्या, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची सरकारी मासेमारीबंदी पाळायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पाण्यात उतरायचं. सणाचा हिशेब अर्थातच मासळी आणि होडी पाहून केलेला आहे, शंखांच्या नव्हे. तरी मुंबईच्या किनाऱ्याची उघडेपणाची पट्टी कुणाला करायचीच असेल तर त्याने पेम्ब्रोकशायरऐवजी वरळी कोळीवाड्यातून सुरुवात करावी.

कोळ्यांच्या आणखी एका आडाख्याचा शंखांशी जवळचा संबंध आहे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ तासांत मिळते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मुंबईत दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येतं. म्हणजे त्या दिवसांची सगळ्यात खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीच्या भांगाला उलट: भर दुपारी ओहोटी, पण ती उथळ. परिणाम असा की खडकाचा अगदी खालचा पट्टा उघडा पडतो तो गार वेळेला, आणि मधल्या पट्ट्याच्या वाट्याला दुपारचं ऊन येतं. ज्या बंदरात उधाणाची ओहोटी दुपारी पडते तिथल्या खालच्या पट्ट्यातले जीव भाजून निघतात. आपल्याकडचे त्या मानाने नशीबवान.

मुंबईच्या शंखशिंपल्यांची यादी जुनी आहे. अलेक्झांडर अबरक्रॉम्बीने इथे जमवलेल्या नमुन्यांवरून मँचेस्टरच्या जे. सी. मेलव्हिलने अनेक नव्या जातींची वर्णनं केली आणि १८९३ साली दोघांच्या नावाने मुंबईच्या सागरी मृदुकायांची सूची निघाली. त्यानंतर १९४९ ते १९५२ या काळात सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आधी शिंपल्यांचा आणि मग शंखांचा सविस्तर आढावा घेतला. पुढे डॉ. दीपक आपटे यांचं बीएनएचएसने १९९८ साली काढलेलं भारतीय शंखांवरचं पुस्तक हौशी लोकांच्या हाती आलं, आणि २०१७ साली प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू करून ओहोटीच्या वेळी लोकांना हाजी अली, गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यावर न्यायला सुरुवात केली. या शहरात समुद्रगोगलगायी आणि प्रवाळ आहेत यावर अनेक मुंबईकरांचा विश्वास बसला तो या फेऱ्यांमुळे. काय आहे याची उत्तरं या सगळ्यांनी दिली. कोण कुठल्या माराला किती टिकतो, हा प्रश्न मात्र मुंबईत बराचसा कोराच राहिला.

खाणाऱ्यांनी तो आपल्या परीने सोडवला होता म्हणा. लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेली बरीच माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गाची. त्यांच्या घरात तिसऱ्यांचं सुकं, कालवांची आमटी, शिनाण्यांचं भुजणं यांत कधी गल्लत होत नाही, आणि कोणती वस्तू कुठे मिळते यातही. तिसऱ्या खाडीच्या आडोशाच्या, वाळूमिश्रित चिखलात पुरलेल्या; पायाने चाचपून काढायच्या. शिनाणी लाट खाणाऱ्या खडकाची, पाणी खेळतं असेल तिथली. कालवं दोन्हीकडे, पण खाडीतली मोठी आणि खडकावरची लहान. बाजारात तिन्ही शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करतं, पण मांडणारणीला प्रत्येक वाट्यामागचा किनारा माहीत असतो. (मुंबईच्या खडकांवरची कालवं काढून खाण्याचा मोह मात्र टाळावा. पाणी गाळून जगणारा जीव शहराच्या सांडपाण्यातलंही बरंच काही स्वतःत साठवतो.)

आडोसा वाढवला की काय होतं याचा एक धडा बंदरात आहे. गोदी म्हणजे माणसाने केलेला पक्का आडोसा, लाट दाराबाहेर. तिथे मायटिलॉप्सिस सॅली हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा बारका, काळसर शिंपला जहाजांच्या तळाला चिकटून आला. विशाखापट्टणमला तो १९६७ साली दिसला आणि १९७५च्या शोधनिबंधात भारतीय बंदरांतला नवा पाहुणा म्हणून त्याची नोंद झाली; मुंबईच्या गोद्यांतही त्याने बस्तान बसवलं. उघड्या कातळावर त्याचं काही चालत नाही. बंद पाण्यात तो चौरस मीटरला हजारोंनी वाढतो आणि स्थानिक जिवांना जागा उरत नाही. १९९९मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियात डार्विनच्या, झडपांनी समुद्रापासून तोडलेल्या नौकातळांत सापडला तेव्हा सरकारने ते बंद करून पाण्यात क्लोरिन आणि तांब्याचा क्षार ओतला. शिंपला गेला, त्याच्याबरोबर आतलं बाकी सगळंही गेलं. दार लावता येत होतं म्हणून हे जमलं. मुंबई बंदराला असं दार नाही.

आणि मग कोस्टल रोड. १०.५८ किलोमीटरचा हा रस्ता प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीला सागरी सेतूच्या टोकापर्यंत जातो. प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी बोगदा, बाकीचा बराचसा भाग समुद्रात घातलेल्या भरावावर; भराव १११ हेक्टरचा. २०१५च्या डिसेंबरात सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांत बदल होऊन रस्त्यासाठी भराव घालायची वाट मोकळी झाली. १६ जुलै २०१९ला मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली, त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि ११ मार्च २०२४ला रस्त्याच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. वरळीच्या कोळ्यांनी होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून पुलाच्या दोन खांबांमधलं ६० मीटरचं अंतर वाढवून मागितलं. लांबलेल्या आंदोलनानंतर ते १२० मीटर झालं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले. म्हणून वरळी आणि हाजी अलीच्या १८ प्रवाळवसाहती २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवण्यात आल्या. नेरिटा, लिंपेट, कालवं कोणत्याच परिशिष्टात नाहीत. २००१ साली कायद्याने काही निवडक शंखशिंपल्यांना संरक्षण दिलं, पण ते मोठ्या, देखण्या, विकल्या जाणाऱ्या जातींना. रोजच्या खडकावरच्या साध्या शंखाला हलवायला कुणी येत नाही. हलवून उपयोगही नसता. तो राहतो ते त्या खडकाच्या विशिष्ट फटीत, विशिष्ट उंचीवर, विशिष्ट माराखाली. तुम्ही शंख उचलून न्याल, फट कशी न्याल?

रस्ता हवा की नको हा वाद इथे उकरायचा नाही. मला बघायचा आहे तो नव्या किनाऱ्याचा भूगोल. समजा भरती-ओहोटीतला फरक चार मीटर आहे. जुना कातळ पन्नास मीटरला एक मीटर अशा मंद उताराचा असेल तर ओहोटीला दोनशे मीटर रुंद पट्टा उघडा पडतो. भरावाच्या कडेचा दगडी उतार दोनास एक धरला तर तीच चार मीटरची उंची उतारावर नऊ मीटरांत संपते. किनाऱ्याची लांबी तीच, राहायला जागा विसाव्या हिश्शाहून कमी. शिवाय मंद कातळावर लाट दूरवर फुटते आणि घासत, दमत वर येते. चढ्या उतारावर ती पूर्ण जोरात शेवटच्या क्षणी आपटते. जुन्या खडकावर मार होता तसाच आडोसाही होता. एका दगडाच्या माथ्यावर ताशी ७० किलोमीटरचं पाणी आणि त्याच दगडाच्या पोटाखाली वीतभर अंतरावर इतकं शांत पाणी की तिथे कवड्या, कायटन आणि नाजूक समुद्रगोगलगायी नांदतात. डबकी होती, भेगा होत्या, शेवाळाची सावली होती. किनाऱ्यावर जाती किती राहतील हे लाट किती जोराची यावर जेवढं ठरतं, तेवढंच लाटेपासून चार बोटांवर लपायला काय आहे यावर ठरतं. नव्या उताराच्या दगडांमध्ये पोकळ्या आहेत हे खरं. पण त्या अंधाऱ्या, ओहोटीला पाणी झरकन निथळून जाणाऱ्या. तिथे डबकं राहत नाही आणि उन्हाचं शेवाळही उगवत नाही. शहर कचरा मात्र तिथे नेमाने भरतं. पावसाळ्यात समुद्र त्यातला थोडा मरीन ड्राइव्हवर परत आणून टाकतो.

अशा बांधीव कडा आणि भिंती जगभर आहेत आणि त्यांच्यावरचा अभ्यासही आहे. सिडनीच्या बंदरात मोठा किनारा भिंतींचा. तिथे जी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक खडक आणि भिंती यांची वर्षानुवर्षं तुलना केली. भिंतीवर कालवं, बार्नॅकल, काही नेरिटा पटकन येतात. डबक्यात आणि दगडाखाली राहणारे येत नाहीत. मग त्यांनी भिंतीला कुंड्यांसारखी भांडी टांगली. ओहोटीला त्यांत पाणी राहिलं आणि भिंतीवर नसलेले जीव त्या भांड्यांत दिसू लागले. २०१८पासून सिडनीतच ‘लिव्हिंग सीवॉल्स’ या प्रकल्पात भेगा, खोबण्या आणि डबकी कोरलेल्या फरशा भिंतींवर बसवल्या जात आहेत. खर्च फार नाही. मुंबईच्या मानाने तर नाहीच. इथे दर पावसाळ्याआधी किनाऱ्यावर काही ना काही ओतलं, बसवलं, हलवलं जातच असतं.

आपल्याकडे ते करून बघायची एक विलक्षण संधी आत्ता आयती चालून आली आहे, आणि तिला मुदत आहे. कोस्टल रोडच्या कडेचे दगड दख्खनच्याच बेसॉल्टचे आणि जवळजवळ एकाच वयाचे. पाण्यात पडले तेव्हा त्यांच्यावर काहीही नव्हतं. वरळीच्या बाजूला ते मोसमी लाटेच्या थेट तोंडी आहेत, हाजी अलीच्या आतल्या वळणावर लाट दमून पोचते, गिरगाव चौपाटीकडे आणखी निराळी तऱ्हा. दगड तोच, वय तेच, भरती तीच, फरक फक्त माराचा. स्वीडनमध्ये योहानेसनला शंख नेऊन सोडावे लागले. इथे समुद्र डिंभ आणून सोडतो आहे. अर्धा मीटर चौरसाची एक पत्र्याची चौकट, एक वही, भांगाच्या नव्हे तर उधाणाच्या ओहोटीच्या तारखा, आणि पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याअखेर अशी वर्षातून दोनदा मोजणी, एवढ्यावर काम सुरू होतं. रुईया, कीर्ती, विल्सन ही प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं या रस्त्याच्या टप्प्यात आहेत. कीर्ती आणि विल्सन तर समुद्राच्या कडेलाच. पहिली काही वर्षं बार्नॅकल आणि कालवांची, त्यांच्यावर टपलेल्या थाइस शंखांची, शेवाळ आलं तर लिंपेटची. नंतरच्या थरात पहिल्या मोजणीची जागा दिसेनाशी होईल. येत्या आश्विन अमावास्येला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे, उधाण आहेच. पहाटेची खोल ओहोटी फटाक्यांचा आवाज सुरू व्हायच्या आधी असते.